डोळ्याचा फोन, हाताचा फोन

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आईचा डावा हात मनगटात मोडला आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला. त्याआधी दोनच महिने मी तिला मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला होता. जुन्या फोनवरची अक्षरे तिला चष्मा लावूनही दिसत नव्हती. नव्या फोनवर ती खूश होती. पण प्लास्टर चढले आणि चित्र पालटले. उजव्या हातात फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने ती वरचा कोपरा गाठायला जाई आणि फोन निसटे. दोनदा तो फरशीवर पडला. शेवटी ती म्हणाली, ''तू दिलेला फोन वाचायला चांगला आहे रे, धरायला नाही.''

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि पट्टी घेऊन बसलो.

जुना फोन साडेपाच इंची, नवा साडेसहा इंची. हा इंचांचा आकडा म्हणजे स्क्रीनचा कर्ण. तो सांगण्याची रीत टीव्हीपासून चालत आली आहे. पण कर्णावरून आकार कळत नाही. जुन्या स्क्रीनचे प्रमाण १६:९ होते, नव्याचे २०:९. शाळेतला पायथागोरस वापरला तर दोन्हींची रुंदी ६८ मिलिमीटरच्या आसपास येते. वाढली आहे ती उंची : १२२ वरून १५१ मिलिमीटर. क्षेत्रफळ ८३ चौरस सेंटिमीटरवरून १०२ वर गेले, म्हणजे डोळ्याला जवळजवळ पाऊणपट नव्हे, पण सुमारे २२ टक्के जागा जास्त मिळाली. आता अंगठ्याच्या बाजूने पाहू. उजव्या हातातल्या फोनवर अंगठा खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ असतो. त्याला सर्वांत लांबचा कोपरा वरचा डावा. या दोन कोपऱ्यांमधले अंतर म्हणजे तोच कर्ण! जाहिरातीत ज्या आकड्याची फुशारकी मारली जाते, तो डोळ्याच्या खात्यावर जमा असतो आणि अंगठ्याच्या खात्यावर खर्च.

हा हिशेब कंपन्यांना ठाऊक नव्हता असे नाही. २००७ सालचा पहिला आयफोन साडेतीन इंची होता. जुलै २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी पत्रकारांसमोर, मुठीत न मावणारा फोन कोणी विकत घेणार नाही, अशा अर्थाचे विधान केले होते. पुढच्याच वर्षी सॅमसंगने ५.३ इंची गॅलेक्सी नोट आणला आणि तो खपला. २०१२ च्या आयफोन ५ मध्ये अॅपलने स्क्रीन चार इंची केली, पण रुंदी जवळजवळ तेवढीच ठेवून फक्त उंची वाढवली. २०१४ मध्ये मात्र ४.७ आणि ५.५ इंची आयफोन आले आणि त्यांच्याबरोबर एक कबुलीही आली : होम बटणाला दोनदा हलका स्पर्श केला की वरचा मजकूर खाली सरकायचा. २०२० मध्ये ५.४ इंची 'मिनी' निघाला. त्याचे वजन सुमारे १३५ ग्रॅम, म्हणजे पहिल्या आयफोनइतकेच. २०२१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. २०२२ च्या नव्या फोनांत तो नव्हता. फोन हाच आता कॅमेरा, सिनेमागृह, पासबुक आणि वर्तमानपत्र झाला आहे. अनेक घरांत तर तीच एकमेव स्क्रीन आहे. शिवाय मोठ्या फोनमध्ये मोठी बॅटरी मावते. बाजारात डोळा जिंकला.

हात मात्र बदललेला नाही. एका हाताने फोन धरताना करंगळी खाली आधार देते, बाकीची बोटे मागून धरतात, अंगठा मोकळा राहतो. अंगठा वर न्यायचा तर पकड सैल करावी लागते. फोन उंच असेल तर त्याचा गुरुत्वमध्य मुठीच्या वर जातो आणि तो कलंडतो. आईच्या हातून फोन पडत होता तो याच क्षणी. अंगठ्याच्या बाजूच्या मनगटातल्या स्नायुबंधांचे एक दुखणे स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ मध्येच नोंदवले होते. तेव्हा ते दुखणे काही फोनने जन्माला घातलेले नाही. पण ताणलेला अंगठा पुन्हा पुन्हा हलवणे त्या जागेला मानवत नाही.

स्टीव्हन हूबर या अभ्यासकाने २०१३ मध्ये सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्यांच्या १,३३३ नोंदी केल्या. स्क्रीनला स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के एकाच हाताने काम करत होते, ३६ टक्के एका हातात धरून दुसऱ्याने, तर १५ टक्के दोन्ही अंगठ्यांनी. तेव्हाचे फोन लहान होते हे खरे. पण लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला असतो, मंडईत पिशवीला, घरात कडेवरच्या मुलाला. एकहातीपणा फक्त प्लास्टरवाल्यांचा नाही.

मग लहान फोनच घ्यावा का? मराठी वाचकाला ते सोपे नाही. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि पायाशी उकार. त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. अक्षर बारीक केले की 'द्ध' आणि 'द्व' यांतला फरक पुसला जातो. चाळिशी लागलेल्या माणसाची मोठ्या स्क्रीनची मागणी चैन नव्हे.

तडजोडीची जागा आहे ती मांडणीत. सॅमसंगने २०१८ मध्ये मांडलेल्या रचनेत वरचा भाग पाहायला आणि खालचा भाग हाताळायला ठेवला. २०२१ मध्ये आयफोनच्या सफारी ब्राउझरमधली पत्त्याची पट्टी खाली आली. आईच्या फोनवर मीही तेच केले. फोन, मेसेज आणि कॅमेऱ्याची चिन्हे तळच्या ओळीत आणली, कीबोर्ड एका बाजूला सरकवला, मागे बोट अडकवायची कडी चिकटवली, लांब मजकुरासाठी मराठीत बोलून लिहिण्याची सोय दाखवली. अक्षरे मोठीच ठेवली. त्यानंतर फोन पडला नाही.

आता कोणी विचारले तर मी सांगतो : इंच शेवटी बघा. आधी फोनची रुंदी आणि वजन वाचा. दुकानात तो एका हातात घ्या आणि पकड न सोडता अंगठा कुठवर जातो ते पाहा. मग हवी तेवढी मोठी अक्षरे करून एक परिच्छेद वाचा. दोन्ही परीक्षांत पास होणारा फोन क्वचित मिळतो. कुठल्या परीक्षेत किती गुण सोडायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आईसाठी निवडताना मी फक्त तिचे डोळे विचारात घेतले होते, हाताला विचारलेच नव्हते.

प्लास्टर निघून वर्ष झाले. आई पुन्हा दोन्ही हातांनी फोन धरते. तळच्या ओळीतली चिन्हे मात्र तिने तिथेच ठेवली आहेत.