संगणकातील ठिगळ : संज्ञा, काळ आणि लिपी

१

मराठीत ‘ठिगळ’ या शब्दाला दारिद्र्याची छटा आहे. नवे वस्त्र घेण्याची ऐपत नसलेल्याने फाटक्या वस्त्रावर लावलेला तुकडा म्हणजे ठिगळ. सॉफ्टवेअरमधील दोष दूर करण्यासाठी त्याचे निर्माते जी दुरुस्ती पुरवितात तिला ‘पॅच’ म्हणतात, आणि या संज्ञेचा शब्दशः मराठी पर्याय ठिगळ हाच होय. तथापि वस्त्राचे ठिगळ आणि संगणकाचे ठिगळ यांच्या स्वभावात एक मूलभूत भेद आहे. तो ध्यानात न आल्यामुळे कचेऱ्यांतून या कामाची हेळसांड होते.

प्रारंभीच्या संगणकांना आज्ञा देण्यासाठी छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्या वापरीत असत. छिद्र चुकीच्या जागी पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. हार्वर्ड विद्यापीठातील १९४४ च्या ‘मार्क १’ या यंत्राच्या पट्टीवर अशी ठिगळे दिसतात. पुढे पट्टी गेली, शब्द मात्र राहिला. आजचा पॅच मूळ आज्ञावलीतील सदोष भाग काढून त्या जागी निर्दोष भाग बसवितो. त्या दृष्टीने तो ठिगळापेक्षा रफूला अधिक जवळचा आहे. परंतु रफू केलेली जागा कळून येत नाही. पॅचचे नेमके उलट आहे : ज्या क्षणी तो प्रसिद्ध होतो, त्या क्षणी छिद्र कोठे होते हे साऱ्या जगाला कळते.

२

हे कसे घडते, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस सहज समजण्यासारखे आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील संपादकांनी निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ शेजारी शेजारी ठेवून तपासले. जेथे पाठ भिन्न, तेथे काही घडले आहे, हे त्या रीतीचे मूलतत्त्व. आक्रमकही तेच करतो. पॅच लावण्यापूर्वीची आज्ञावली व नंतरची आज्ञावली यांची तो तुलना करतो; भेद जेथे सापडेल तेथेच दोष होता, हे त्याला उमगते. ज्या संगणकांवर पॅच लागलेला नाही, ते त्याला त्या वाटेने खुले असतात. म्हणजेच पॅच हा उपाय आहे, तशीच ती दोषाची जाहीर सूचनाही आहे. तो प्रसिद्ध होणे आणि लावला जाणे यांमधील काळ हाच खरा धोक्याचा काळ होय.

या काळाचे मोल महाराष्ट्राने २०१७ साली अनुभवले. संगणकांनी परस्परांत फाइली वाटून घेण्याच्या ‘एसएमबी’ या पद्धतीत एक गंभीर दोष होता. मायक्रोसॉफ्टने त्यावरील पॅच १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केला. एप्रिलच्या मध्यास त्या दोषाचा लाभ घेणारे साधन ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने उघड केले. १२ मे रोजी, म्हणजे पॅचनंतर ५९ दिवसांनी, ‘वॉनाक्राय’ या कृमीने जगभर धुमाकूळ घातला. २७ जून रोजी, म्हणजे १०५ व्या दिवशी, ‘नॉटपेट्या’ आला. त्याचा रोख युक्रेनवर होता. परंतु मेर्स्क या डॅनिश नौवहन समूहाच्या जाळ्यातून तो रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथे पोचला, आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्या समूहाने चालविलेल्या टर्मिनलचे संगणकीकृत कामकाज ठप्प झाले. मेर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने सिद्ध करावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत सांगितले.

या घटनेतून आणखी दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी की, नॉटपेट्या एकदा आत शिरल्यावर संगणकाच्या स्मृतीतील परवलीचे शब्दही चोरी. त्यामुळे पॅच लावलेली यंत्रेही शेजारच्या एका उघड्या यंत्रापायी बळी पडली. दुसरी अशी की, त्याने मूळ प्रवेश मिळविला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. तेव्हा दुरुस्ती त्वरित स्वीकारावी हे जितके खरे, तितकेच ती अधिकृत मार्गाने व निर्मात्याच्या डिजिटल स्वाक्षरीनिशी आली आहे याची खातरजमा करावी, हेही खरे. मात्र एवढ्याने सारा धोका टळत नाही, कारण निर्मात्याचीच यंत्रणा भेदली गेली तर स्वाक्षरीही फसवू शकते. म्हणून महत्त्वाच्या दस्तऐवजांची एक प्रत जाळ्यापासून विलग ठेवणे अगत्याचे ठरते.

३

एवढ्या मोठ्या बंदराच्या अनुभवाचा परभणी जिल्ह्यातील मानवतसारख्या गावाशी संबंध काय, असा प्रश्न संभवतो. मानवत हे तालुक्याचे ठिकाण व कापसाची बाजारपेठ. अशा गावी तहसील कचेरी, नगरपरिषद, बाजार समिती, बँकांच्या शाखा व शाळा-महाविद्यालये यांचे दैनंदिन व्यवहार आता संगणकाशिवाय चालत नाहीत. आपल्या लहानशा कचेरीत कोणी कशाला शिरेल, ही समजूत मात्र भ्रामक आहे. कृमी माणसाप्रमाणे लक्ष्य निवडीत नाही; छिद्र दिसेल तेथे तो शिरतो. न्हावा-शेवा हेही कोणाचे लक्ष्य नव्हते.

विलंबाची नेहमीची कारणे सर्वपरिचित आहेत : ऐन कामाच्या वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते, मध्येच वीज जाते, आणि हे काम नेमके कोणाचे हे ठरलेले नसते. परंतु मराठी कचेऱ्यांत आणखी एक कारण संभवते. ते लिपीचे आहे.

युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे मराठी लेखन खासगी फॉन्टांत होत असे. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. तो फॉन्ट नसेल, तर मजकूर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. त्यासाठीचे काही जुने सॉफ्टवेअर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत नाही. म्हणून जुनी सिस्टिम बदलण्यास कचेरी धजावत नाही. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे नवे दोष सापडत राहतात, पण नियमित पॅच येणे थांबते. अक्षर वाचता यावे म्हणून जपलेले यंत्र असे सर्वांत भेद्य ठरते.

४

तेव्हा या प्रश्नाचा एक भाग यंत्रज्ञाचा असला, तरी दुसरा भाषाभ्यासकाचा आहे. जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये आणल्याखेरीज जुनी यंत्रे निवृत्त होणार नाहीत. हे रूपांतर यांत्रिक दिसते, तितके सोपे नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाआधी साठविली जाते. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर. ‘वर्ग’ या शब्दातील रफार जुन्या पद्धतीत ‘ग’ नंतर येतो, तर युनिकोडमध्ये ‘र’ व हलन्त-चिन्ह ‘ग’ च्या आधी येतात. क्रम चुकला तर वेलांटी वा रफार भलत्याच अक्षरावर जातो. नोंदवहीत असा दोष राहिला, तर माणसाचे नावच बदलते. म्हणून रूपांतरित मजकूर जाणकाराने मूळ प्रतीशी ताडून पाहणे आवश्यक आहे. मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी या कामास सर्वथा पात्र आहेत.

यंत्रज्ञाचा भाग त्यामानाने नियमबद्ध आहे. कोणत्या यंत्रावर कोणते सॉफ्टवेअर आहे याची नोंद ठेवावी. प्रथम दस्तऐवजांची प्रत काढावी. पॅच एका यंत्रावर लावून पाहून मग इतरांवर लावावा. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तो खरोखर लागला की नाही हे तपासावे. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच प्रसिद्ध करीत आली आहे. भारतातील वेळेनुसार ते रात्री येतात. म्हणून त्यानंतरचा एक दिवस या कामासाठी राखून ठेवणे व एका व्यक्तीवर त्याची जबाबदारी सोपविणे कोणत्याही कचेरीस शक्य आहे. जे यंत्र तूर्त बदलता येत नाही, ते इंटरनेट व कचेरीचे जाळे या दोहोंपासून तोडून केवळ जुना मजकूर वाचण्यापुरते वापरावे.

वस्त्राचे ठिगळ आज लावले काय आणि महिन्याने लावले काय, छिद्र घरच्यांनाच ठाऊक असते. संगणकाच्या बाबतीत ते परक्यासही त्याच दिवशी ठाऊक होते, आणि म्हणून येथे विलंबाचा अर्थ निराळा आहे.