कल्पाक्कमच्या अणुभट्टीतील प्लुटोनियम

चेन्नईतील शोळिंगनल्लूरच्या दक्षिणेस, त्याच किनारपट्टीवरील कल्पाक्कम येथे १९८५ साली प्रथम क्रांतिक झालेली, म्हणजेच स्वयंपोषी विखंडन-साखळी सुरू झालेली, जलद प्रजनक चाचणी अणुभट्टी प्लुटोनियम व युरेनियमच्या मिश्र कार्बाइडवर चालते. यांपैकी प्लुटोनियम, अणुक्रमांक ९४, हे मूलद्रव्य बर्कली येथे ग्लेन सीबोर्ग आणि सहकाऱ्यांनी युरेनियमवर ड्यूटेरॉनांचा, म्हणजे जड हायड्रोजनच्या केंद्रकांचा, मारा करून १९४०-४१ च्या हिवाळ्यात प्रथम मिळवले.

अणुभट्टीत युरेनियम-२३८ न्यूट्रॉन शोषून घेते आणि दोन बीटा-क्षयांनंतर, म्हणजे केंद्रकातून दोनदा इलेक्ट्रॉन बाहेर पडल्यावर, त्याचे प्लुटोनियम-२३९ होते, ज्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू क्षय पावण्याचा काळ, सुमारे २४,१०० वर्षे असतो. हा धातू सुमारे ६४० अंश सेल्सियसला वितळण्यापूर्वी सहा स्फटिकरूपे धारण करतो.