पेट्रोलच्या इंजिनाला टर्बो

खानदेशाला टर्बोची ओळख करून दिली ती ट्रकनं. आग्रा रोडवर शिरपूर मागं टाकून, पळासनेरहून बिजासन घाटाला लागलेला भरलेला ट्रक कान देऊन ऐकावा. इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शिट्टी चढत जाते आणि ड्रायव्हरनं पाय काढला की उतरते. ती शिट्टी टर्बोची. नव्वदच्या दशकात जमशेदपूरला टाटा-कमिन्सची इंजिनं बनू लागली, २००० पासून धुराचे नियम आवळत गेले आणि बघता बघता बिनटर्बोचा ट्रक जुना ठरला. याच रस्त्यावर मुंबईच्या बाजूला नाशिकातून २००२ पासून महिंद्राची स्कॉर्पिओ टर्बो डिझेल घेऊन बाहेर पडू लागली. दुसऱ्या बाजूला, इंदूरच्या पलीकडे देवासला, होल्सेटचे टर्बो बनतात. धुळं मधोमध. त्यामुळे धुळ्यात चाळीसगाव चौफुलीला काय किंवा जळगावात अजिंठा चौफुलीला काय, 'टर्बो गेला' हे 'क्लच गेली' इतकंच रोजचं वाक्य आहे.

आता अशाच एखाद्या गॅरेजात कुणी हौशी माणूस एमजीबी घेऊन आला आणि म्हणाला, हिला टर्बो बसवून द्या, गावात फिरवायचीय, तर काय होईल? माझ्या मते मिस्त्री निम्मं काम डोळे झाकून करील आणि उरलेल्या निम्म्यात इंजिन जाळून ठेवील.

एमजीबी ही इंग्लंडातल्या ॲबिंग्डनची दोन दारांची स्पोर्ट्‌स कार. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती बनली. बॉनेटखाली १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सुरुवातीच्या गाड्यांत ९५ अश्वशक्तीच्या आसपास. नाव परदेशी असलं, तरी बॉनेट उघडल्यावर आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रीला बुजायला होणार नाही, कारण हे इंजिन त्यानं खोललेलं आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या 'बी सीरिज' घराण्यातलं ते आहे, त्याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन कित्येक वर्षं ॲम्बॅसॅडरमध्ये होतं. एमजीबीच्या आधीची एमजीए तर त्याच १४८९ सीसीवर सुरू झाली. एक कलेक्टर साहेबांची गाडी, दुसरी वीकेंडला टप उघडून भटकणाऱ्या इंग्रज तरुणाची. ब्लॉकची जात एकच. टॅपेट कसे लावायचे, हेडचं पॅकिंग कुठून फुटतं, ऑइल कुठून गळतं, हे सगळं ओळखीचं. १९६४ च्या अखेरीपासून एमजीबीच्या क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग मिळाली. टर्बोचा विचार करायचा तर त्या पुढचीच गाडी घ्यावी.

टर्बो हे यंत्रही ओळखीचं. गोगलगायीसारख्या दोन पेट्या पाठीला पाठ लावून ठेवलेल्या. एक बिडाची, तिच्यातून इंजिनाचा तापलेला धूर जातो आणि आतलं चाक फिरवतो. दुसरी ॲल्युमिनियमची, तिच्यातलं चाक त्याच दांड्यावर बसलेलं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं. दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो आणि इंजिनाच्याच ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल क्षणभर तुटलं की दांडा बेअरिंगला घासलाच.

ट्रकवाल्यांनी हे अंगवळणी पाडून घेतलंय. घाट चढून ढाब्यावर गाडी लावली तरी मुरलेला ड्रायव्हर लगेच इंजिन बंद करत नाही. मिनिट-दोन मिनिटं ते तसंच चालू ठेवतो, म्हणजे लाल झालेला टर्बो वाहत्या ऑइलनं थंड होतो. नाहीतर आत अडकलेल्या ऑइलचा कोळसा. आणि मिस्त्रीची तपासणी बघण्यासारखी असते. एअर फिल्टरचा पाइप काढायचा, आत बोटं घालून चाकाचं टोक धरायचं. वर-खाली हलवून बघायचं, किंचित प्ले असतो, तो चालतो. मग आत-बाहेर ओढून बघायचं. इथे काहीही जाणवता कामा नये. पात्यांच्या कडांवरून नख फिरवायचं. धुळीच्या रस्त्यावर फाटक्या फिल्टरनं चाललेल्या गाडीच्या कडा झिजून बोथट झालेल्या असतात. पेटीच्या भिंतीवर चाक घासल्याची चकाकी दिसली की पुढं बोलायचं कारणच नाही, कार्ट्रिज बदला. ऑइलची परतीची नळी जाड हवी, सरळ खाली उतरती हवी आणि चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी, हेही त्याला सांगावं लागत नाही. नळी बारीक घातली तर ऑइल तुंबतं, सीलमधून धुरात उतरतं आणि गाडी मागं निळा पडदा सोडत जाते.

इथवर मिस्त्री उस्ताद. अडचण हवेपाशी सुरू होते.

डिझेलच्या इंजिनात सिलिंडरमध्ये आधी फक्त हवा जाते. डिझेल नंतर, नेमक्या क्षणी, नोझलमधून फवारलं जातं. हवा चार पैसे जास्त झाली तर बिघडत काही नाही, उलट काळा धूर कमी होतो. म्हणून डिझेलवाल्याच्या हाताला 'हवा वाढव' ही सवय लागलेली असते. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळूनच आत येतात आणि मिसळूनच दाबले जातात. दाब आणि उष्णता हद्दीबाहेर गेली, की प्लगनं लावलेली आग पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं. मग खटखट आवाज येतो, ज्याला आपण इंजिन ठोकतंय म्हणतो. टर्बोशिवाय ठोकणारं इंजिन महिनोन् महिने चालतं. टर्बो असताना ठोकलं तर पिस्टनच्या रिंगांमधली भिंत फुटायला एक चढ पुरतो. हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं तर पिस्टनचा माथाच वितळतो. आणि भर रस्त्यात वाऱ्याच्या आवाजात ती खटखट ऐकूच येत नाही.

कंपन्यांनाही हा धडा महागात पडला. जनरल मोटर्सनं १९६२ मध्ये ओल्ड्‌समोबिल जेटफायर काढली, टर्बो लावून विकलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन, २१५ अश्वशक्ती. कॉम्प्रेशन मात्र १०.२५ वरच ठेवलं. ठोकू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण एका वेगळ्या टाकीतून हवेत सोडायची सोय केली. ती टाकी भरायची कोणी? गिऱ्हाइकं विसरायची, टाकी रिकामी झाली की गाडी टर्बोचा दाब कमी करायची, तक्रारी यायच्या. शेवटी अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला गेला. रोजच्या वापराच्या गाडीत माणसाच्या आठवणीवर यंत्र सोडू नये, एवढं तरी त्यातून कळलं. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोनं इंजेक्शन वापरून १९९० सीसीतून १७० अश्वशक्ती काढली, पण खालच्या फेऱ्यांत मेंगळट आणि मग अचानक पाठीत धक्का, असा तिचा स्वभाव. साब कंपनीनं सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ९९ टर्बोत लहान टर्बो घेतला, वेस्टगेट नावाच्या झडपेनं जादा धूर बाजूनं सोडून दिला आणि गावात चालवता येईल अशी ओढ मिळवली. गावात चालवायच्या गाडीनं साबचाच कित्ता गिरवावा.

आता यात खानदेशचा मे महिना घाला. हिशेब साधा आहे. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस हवा मारतो, त्या मापानं टर्बोचा दाब सात धरू, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दीडपट. हवा दाबली की तापते. पंचवीस अंशांची हवा आत घेतली तर साधारण टर्बोतून ती ऐंशीच्या पुढं तापून निघते. जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत तीच हवा १०५ अंशांवर जाते. दाब दीडपट झाला तरी तापल्यामुळं हवा विरळ होते आणि प्रत्यक्षात सव्वापटच माल सिलिंडरात पोचतो. मधे इंटरकूलर घातला तर हवा साठ-पासष्टवर येते आणि हिशेब एक पूर्णांक चार पटीपर्यंत जातो. पण इंटरकूलरलाही वारा लागतो. जळगावच्या नेहरू चौकाच्या गर्दीत उभ्या गाडीत तो वारा आणायचा कुठून? वर, इंटरकूलर रेडिएटरपुढं बसला की रेडिएटरचा वारा अडतो. कापसाच्या दिवसांत जाळीवर चिकटणारे कापसाचे पुंजके वेगळेच.

बी सीरिजच्या हेडची रचना इथे आणखी नडते. हवा आत घेणारी आणि धूर सोडणारी भोकं एकाच बाजूला. वर मधल्या दोन सिलिंडरना धूर सोडायला एकच सामाईक वाट, त्यामुळं तिथला भाग आधीच सगळ्यात तापलेला. कार्ब्युरेटर बरोबर याच बाजूला, मॅनिफोल्डच्या डोक्यावर. ॲम्बॅसॅडर आणि फियाटच्या जमान्यात उन्हाळ्यात इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळून गाडी पुढं नेलेली ज्यांना आठवतं, त्यांना कळेल: नळीत पेट्रोलची वाफ झाली की इंजिन आचके देतं. त्याच जागी टर्बोची तापलेली पेटी आणून टांगायची आहे. मधे उष्णतारोधक पत्रा आणि मॅनिफोल्डला गुंडाळी, ही इथली पहिली गरज.

एमजीबीचे दोन एसयू कार्ब्युरेटर ठेवायचे की नाही, हा खरा पेच. कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी ठेवला तर सोपं, पण मग पेट्रोलमिश्रित हवा टर्बोतून जाते. इंटरकूलर लावता येत नाही, कारण त्याच्या थंड नळ्यांत पेट्रोल साचेल आणि एका बॅकफायरला भडकेल. टर्बोच्या नंतर ठेवला तर कार्ब्युरेटर आतून दाबाखाली येतो. बाहेरच्या हवेशी जोडलेली फ्लोटची वाटी पेट्रोल सोडेनाशी होते, म्हणून वाटीलाही तोच दाब द्यावा लागतो. पेट्रोल पंपाचा दाब टर्बोच्या दाबापेक्षा कायम वर राहील असा रेग्युलेटर लागतो, आणि थ्रॉटलच्या दांड्याभोवतीची फट बुजवावी लागते, नाहीतर गरम इंजिनावर पेट्रोलचा फवारा. एमजीच्या मालक कंपनीनं हेच १९८२ मध्ये कारखान्यात केलं होतं. एमजी मेट्रो टर्बोच्या १२७५ सीसी इंजिनावर गॅरेटचा टर्बो आणि एकच एसयू, अश्वशक्ती ९३. कामात लोटसची मदत होती, तरी गिअरबॉक्सला झेपावं म्हणून दाब हात राखूनच ठेवला. कारखान्याचे इंजिनिअर जिथं थांबले, त्याच्या पुढं गॅरेजात जाऊ नये असं मला वाटतं. आज शहाणा माणूस कार्ब्युरेटर जपून ठेवून देतो, इंजेक्शन आणि ठोकण्याची चाहूल घेणारा सेन्सर बसवतो. त्यासाठी शिट्टीला कान देणारा मिस्त्री नको, लॅपटॉप घेऊन बसणारा पोरगा हवा.

पेट्रोलही आता जुनं राहिलेलं नाही. २००० साली शिसं गेलं. जुन्या हेडला कडक व्हॉल्व्ह सीट घालाव्या लागतात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्यानं ठोकणं कमी होतं ही टर्बोसाठी चांगलीच गोष्ट, पण त्याच हवेला जास्त पेट्रोल लागतं आणि जुन्या रबरी नळ्या, पॅकिंग फुगून फाटतात. आधी नळ्या बदला, मग टर्बोचं बोला.

एवढं करून हाती काय लागतं? सात दाबावर, नीट बसवलेल्या इंटरकूलरसह, ९५ ची सव्वाशे-एकशे तीस अश्वशक्ती. धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत जळगावला येताना ट्रक मागं टाकायला ती उत्तम, पण पुढचे डिस्क, मागचे ड्रम आणि क्लच साठच्या दशकातले आहेत, हे एरंडोलच्या अलीकडे समोर ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली की कळतं.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या रचनेत फेरबदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांत विंटेज नोंदणी आहे: २० हजार रुपये, दहा वर्षं, नंबरात 'व्हीए'. पण तिथं गाडी मूळ रूपातच असावी लागते, इंजिनात फेरफार चालत नाही, आणि रोज बाजाराला न्यायची परवानगीही नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. म्हणजे या नोंदणीवर मूळ गाडी रस्त्यावर रोज नेता येत नाही आणि टर्बोची गाडी नोंदवताच येत नाही. विम्याचा सर्व्हेअर तर बॉनेट उघडताक्षणी हात झटकेल.

तरी हौस भागवायचीच असेल, तर एकही भोक न पाडता, सगळं नटबोल्टवर बसवावं. मूळ मॅनिफोल्ड, दोन्ही एसयू, जुना सायलेन्सर तेल लावून खोक्यात ठेवावं, म्हणजे नोंदणीच्या वेळी गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते. टर्बोची गाडी ट्रेलरवर चढवून आग्रा रोडनं, सेंधवा ओलांडून पिथमपूरला न्यावी. तिथं नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झालेला. परवानगी आणि शुल्काची व्यवस्था आधी करावी. जावं डिसेंबरात, सकाळी लवकर.