दुकान एकाच नावाचे, परवाने गावोगावचे

अमेरिकेत साखळी दुकानांचे नूतनीकरण एकाच आराखड्यावर बेतले, तरी परवाना त्या त्या शहराचा किंवा काउंटीचा बांधकाम विभागच देतो. बहुतेक ठिकाणी पाया ‘इंटरनॅशनल बिल्डिंग कोड’चा, पण कुठे २०१८ची आवृत्ती चालते, कुठे २०२१ची, शिवाय स्थानिक दुरुस्त्या वेगळ्याच. मूळ संहितेत रंगकाम, गालिचा, फरशी आणि ५ फूट ९ इंचांपर्यंतच्या सुट्या, हलवता येणाऱ्या मांडण्यांना परवाना लागत नाही. मांडणी जरा उंच केली की ही सूट गेली. डिझाइन करणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

अपंगांच्या सोयीचा १९९०चा कायदा मात्र देशभर लागू आहे. विक्रीचा भाग बदलला, तर तिथवरची वाट आणि स्वच्छतागृहेही सुगम करावी लागतात. त्यासाठीच्या खर्चाची मर्यादा मूळ कामाच्या २० टक्के. ही रक्कम अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरायला हवी. टेक्सासमध्ये ५०,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाची राज्याकडे स्वतंत्र नोंदणीही करावी लागते.

मूळ संहितेनुसार १८० दिवसांत काम सुरू झाले नाही, तर परवाना बाद होतो. म्हणून सगळ्या दुकानांचे परवाने एकदम काढून ठेवू नका.