संचिकापथ, आवृत्तिनियंत्रणातील
संचिकेचे (फाइलचे) स्थान व नाव दर्शविणारी वर्णमालिका. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्मिलेली 'गिट' ही आवृत्तिनियंत्रण प्रणाली संचिकेचे नाव वर्णाकृतीवरून नव्हे, तर बाइटक्रमावरून ओळखते. त्यामुळे 'जळगाव' यातील 'ज' मूळ मांडणीत ३४०, २४४, २३४ या अष्टमान संख्यांनी दर्शविला जातो, 'कोअर.कोटपाथ' हा विकल्प बंद केल्यास देवनागरी अक्षरे दिसतात. भुसावळ तालुक्यातील (जि. जळगाव) 'कुऱ्हे पानाचे' या ग्रामनामात दोन अडचणी संभवतात. मधल्या रिक्त जागेमुळे आज्ञेत ते अवतरणचिन्हांत लिहावे लागते. शिवाय 'ऱ' हा एका युनिकोड संकेतांकाने किंवा 'र' व नुक्ता यांच्या संयोगानेही लिहिता येतो. दृश्यरूप सारखे, परंतु बाइटक्रम भिन्न. परिणामी एकाच गावाच्या नोंदी दोन संचिकांत विभागल्या जाऊ शकतात. म्हणून सर्वांनी एकच प्रमाणित युनिकोड रूप वापरणे आवश्यक ठरते.