मोटार तीच, पण कोणती?

२०१३ सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे एक काळीभोर मोटार लिलावात ४६ लाख २० हजार डॉलरांना विकली गेली. १९६६ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘बॅटमॅन’ मालिकेतील ती ‘बॅटमोबिल’. तिची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९५५ साली फोर्ड कंपनीने उद्याची मोटार कशी असेल हे दाखविण्यासाठी ‘लिंकन फ्युचुरा’ नावाची एक प्रदर्शनी गाडी इटलीतील तुरिन येथे गिया या कारखान्यात घडवून घेतली. मोत्यासारख्या पांढऱ्या रंगाची ही गाडी पुढे लाल रंगात १९५९ सालच्या एका चित्रपटात झळकली आणि मग अडगळीत पडली. जॉर्ज बॅरिस या कारागिराने ती कंपनीकडून अवघ्या एका डॉलरला घेतली आणि मालिकेची मागणी येताच तीनेक आठवड्यांत तिचे रूप पालटले.

आता समजा, या गाडीचा कोणी जीर्णोद्धार करायला घेतला, तर तिला कोणत्या ‘मूळ’ रूपाकडे न्यावयाचे? पांढऱ्या, लाल की काळ्या? मोटारतज्ज्ञाच्या दृष्टीने मूळ गाडी म्हणजे फ्युचुरा. परंतु काळा रंग खरवडून कोणी तिला पुन्हा पांढरी केली, तर तो मनुष्य वेडा ठरेल, आणि ते योग्यच होईल.

बॅटमोबिलचा देह निदान एकच होता. मोटारीसाठी खास नकला पुढे निघाल्या, हे खरे. पण पहिली कोणती याविषयी वाद नाही. १९७९ ते १९८५ या काळात गाजलेल्या ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या मालिकेतील ‘जनरल ली’ या गाडीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. नारिंगी रंगाची १९६९ सालची डॉज चार्जर, दारांवर ०१ हा आकडा, दारे कायमची बंद केलेली आणि म्हणून नायकांनी खिडकीतून आत शिरावयाचे, आणि दर भागात ओढ्यानाल्यांवरून एक हवेतली झेप. पडद्यावर ती झेप घेऊन गाडी जमिनीवर येई आणि धूळ उडवीत पुढे निघून जाई. प्रत्यक्षात जमिनीवर आदळताच तिचा सांगाडा वाकून ती निकामी होई. पुढच्या दृश्यात धावणारी गाडी निराळीच असे. सहा-सात वर्षांत अशा सुमारे ३०० गाड्या खर्ची पडल्या. शेवटी चार्जर मिळेनाशा झाल्या, तेव्हा निर्मात्यांनी छोट्या प्रतिकृतींवर आणि जुन्या चित्रफितींवर वेळ निभावली. इतकेच नव्हे, तर भलत्याच कंपनीच्या गाड्या नारिंगी रंगवून त्यांनाही झेप घ्यावयास लावले. म्हणजे ज्या गाडीवर लक्षावधी मुलांचा जीव जडला, ती गाडी म्हणून कोणतीच एक वस्तू कधी अस्तित्वात नव्हती. होते ते एक नाव, एक रंग आणि एक आकडा.

तरीही संग्राहकाला वस्तू हवी असते. ११ नोव्हेंबर १९७८ रोजी जॉर्जिया राज्यातील ऑक्सफर्ड महाविद्यालयाच्या आवारात मालिकेतील पहिली झेप चित्रित झाली. ती घेणारी गाडी नंतर भंगारात गेली आणि २००१ साली तेथूनच सापडली. तिची पुनर्बांधणी झाली आणि २०१२ साली बब्बा वॉटसन या नामांकित गोल्फपटूने ती १ लाख १० हजार डॉलरांची बोली देऊन घेतली. काटेकोरपणे पाहिले, तर या गाडीची ‘खरी’ अवस्था आदळून मोडलेली, गंजलेली हीच होय. कारण तिच्या हातून जे घडले, त्याचा पुरावा त्या मोडतोडीतच होता. दुरुस्तीने तिला पडद्यावरचे रूप परत दिले आणि पुरावा मात्र नाहीसा केला. १९६८ सालच्या ‘बुलिट’ या चित्रपटातील मस्टँग गाडीच्या मालकांनी नेमके उलटे केले. त्यांनी तिचे खरचटे आणि गंज जसेच्या तसे ठेवले. २०२० साली तिला ३४ लाख डॉलरांची बोली आली. आपल्याकडे झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप द्यावा की नाही, यावरून भाविक आणि संशोधक यांच्यात जो वाद होतो, त्याच जातीचा हा वाद आहे.

‘जनरल ली’च्या छपराविषयी बोलल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होणार नाही. गाडीचे नाव अमेरिकन यादवी युद्धातील दक्षिणी सेनापतीचे, आणि तिच्या छपरावर गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या त्या दक्षिणी राज्यांचे युद्धनिशाण. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन येथील चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणाने नऊ कृष्णवर्णीयांची हत्या केली. तेव्हा त्या निशाणाकडे केवळ सजावट म्हणून पाहणे अमेरिकनांना अशक्य झाले. मालिकेचे पुनःप्रक्षेपण थांबले आणि वॉटसन यांनी आपल्या गाडीच्या छपरावर अमेरिकेचा राष्ट्रध्वज रंगविण्याचे जाहीर केले. अस्सलपणाच्या अभिमान्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला. मला वॉटसन यांचे म्हणणे पटते. जी गाडी भंगारातून उचलून नव्याने बांधली, तिच्याबाबत केवळ छपराच्या रंगापुरता अस्सलपणाचा सोवळेपणा का पाळावा? मात्र संग्रहालयात ठेवलेल्या गाडीवरील निशाण पुसू नये. तेथे शेजारी फलक लावून त्या निशाणाचा अर्थ लोकांना सांगता येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ते करमणूक म्हणून घरोघर खपले, हेही लोकांना कळले पाहिजे.

इंग्लंडमधील इन्स्पेक्टर मॉर्स यांची लाल-तपकिरी जॅग्वार अशीच. कॉलिन डेक्स्टर यांच्या आरंभीच्या कादंबऱ्यांत मॉर्सकडे लान्सिया होती. १९८७ साली मालिका सुरू झाली आणि प्रेक्षकांच्या मनात जॅग्वार इतकी ठसली, की लेखकाने पुढच्या आवृत्त्यांत गाडीच बदलून टाकली! मालिका संपल्यावर ती २००२ साली ५३ हजार पौंडांना विकली गेली आणि संपूर्ण पुनर्बांधणीनंतर २००५ साली तिला एक लाखाहून अधिक पौंड आले. पडद्यावर ती इतकी टवटवीत कधीही नव्हती.

या घोळाचा उलगडा न्यायालयांनाही करावा लागला आहे. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात एका जुन्या शर्यती बेंटलीचा खटला चालला. ल मान्सची शर्यत १९२९ आणि १९३० साली जिंकणाऱ्या या ‘ओल्ड नंबर वन’मध्ये मूळचे सुटे भाग जवळजवळ उरलेले नव्हते, म्हणून खरेदीदार सौदा मोडू पाहत होता. न्यायमूर्ती ऑटन यांनी निवाडा दिला, की गाडीचा इतिहास कोठेही तुटलेला नाही. भाग एकेक करून, शर्यतीत वावरतानाच बदलत गेले. सबब ही तीच गाडी होय. २०१५ साली अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने तर बॅटमोबिल हे एक पात्रच असून त्याला लेखनहक्काचे संरक्षण आहे, असे ठरविले. पहिल्या निवाड्यात ओळख इतिहासाची, दुसऱ्यात रूपाची. दोन हजार वर्षांपूर्वी नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होतेच, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे आस, चाके की जू? राजाला एकही भाग रथ म्हणून दाखविता आला नाही. मात्र नागसेनाला तो रथ कोणाला विकावयाचा नव्हता.

पैशाचा व्यवहार आला की नुसते नाव पुरत नाही. सांगाड्यावरील क्रमांक खरा असावा, कोणता भाग केव्हा बदलला याची नोंद असावी, आणि नकलेने स्वतःला नक्कल म्हणावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्य काया वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदली जाते, आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ४६ लाखांची ती बॅटमोबिल या नियमाखाली आपल्या परिवहन कार्यालयात नेली, तर खिडकीपलीकडचा कारकून फ्युचुराची कागदपत्रे आणि समोरची गाडी यांचा मेळ कसा घालील, हे पाहण्यासारखे ठरेल.