फ्लॉरेन्समध्ये पहिला दिवस? काशिनेची ट्राम पकडा!

युरोप ट्रिपचा सगळ्यात जास्त वाया जाणारा दिवस कोणता? पहिला! वर्षभर साठवलेल्या रजा, तिकिटांचे ईएमआय, व्हिसासाठी गोळा केलेली बँक स्टेटमेंट्स... एवढं सगळं करून आपण पोहोचतो, तेव्हा डोळे चुरचुरत असतात, हॉटेलवाला ‘खोली दुपारी मिळेल’ म्हणून नुसती बॅग ठेवून घेतो आणि आपल्या हातात अकरा ठिकाणांची यादी असते. मग संध्याकाळपर्यंत पळापळ, शेकडो फोटो आणि लक्षात काय राहतं? पाय दुखले ते!

म्हणून माझं सरळ मत आहे. पहिल्या दिवशी एकच जागा ठरवा. मोकळी, फुकट, तिकिटाची वेळ गाठायला न लावणारी. आणि जमलं तर जिथे आपलं कुणीतरी असेल अशी. फ्लॉरेन्समध्ये अशी एक जागा आहे. तिथे चक्क कोल्हापूरचे छत्रपती भेटतात!

शिक्रापूर ते फिरेन्झे

मी शिक्रापूरची. आमच्याकडे इटलीची ओळख म्हणजे रांजणगावचा फियाटचा कारखाना, बस्स! चाकण चौकातलं ट्रॅफिक पार करायचं, तळेगावमार्गे एक्स्प्रेस वे गाठायचा, मुंबईहून रात्रीचं विमान पकडायचं. मग रोम आणि तिथून फास्ट ट्रेननं दीडेक तासात फ्लॉरेन्स. स्टेशनातल्या पाट्यांवर मात्र ‘फिरेन्झे’ लिहिलेलं असतं, तेच शोधायचं.

उन्हाळ्यात आपलं घड्याळ इटलीच्या साडेतीन तास पुढे असतं. म्हणजे तिथे संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा शरीराच्या हिशेबानं साडेदहा झालेले असतात. वर आदल्या रात्री झोपेचं खोबरं! अशा अवस्थेत मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ समोर उभा राहिला तरी आपल्याला जांभईच येणार. त्याला दुसऱ्या दिवसावर ढकला.

मी बॅग टाकली आणि बारमध्ये उभ्या उभ्या एस्प्रेसो घेतली. (इटलीतला बार म्हणजे कॉफीचं दुकान, नगर रोडवरचे बार डोळ्यांसमोर आणू नका!) सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनशेजारून टी-१ ट्राम पकडली आणि काही मिनिटांत काशिनेच्या थांब्यावर उतरले.

संगमावरचे महाराज

काशिने म्हणजे आर्नो नदीच्या काठाकाठानं तीनेक किलोमीटर पसरलेली बाग. कधीकाळी ही मेदिची घराण्याची जमीन होती. आता इथे जॉगिंग करणारे, बाबागाड्या ढकलणारे आईबाप, सायकलवाली पोरं. सावलीतून पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत राहायचं. मुन्योने नावाची छोटी नदी जिथे आर्नोला मिळते, तिथे एक छत्री दिसते. खाली एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. डोक्यावर पागोटं, गळ्यात मोत्यांच्या माळा. चौथऱ्यावरच्या मजकुरात देवनागरी अक्षरं. इतक्या लांब आल्यावर ती वाचताना काय वाटतं, ते तिथे जाऊनच बघा.

हे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. १८६६ मध्ये गादीवर आले. समुद्र ओलांडणं पाप मानलं जायचं त्या काळात, १८७० साली ते युरोप बघायला निघाले. इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये गेले. तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. कॅथलिक शहरात दहन ही त्या वेळी अजब गोष्ट. पण खास परवानगी मिळाली आणि या संगमावर हिंदू रीतीनं अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा, तर छत्री चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधणारे तेच हे मँट! शेजारी १९७८ मध्ये पूर्ण झालेला मोठा केबलचा पूल आहे. त्याचं नाव ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे ‘भारतीय माणसाजवळचा पूल’. रोज त्यावरून ऑफिसला जाणाऱ्या किती जणांना हा ‘इंदियानो’ कोण ते ठाऊक असेल?

आम्ही शिक्रापूरकर वढू बुद्रुकच्या अंगणातच वाढतो. संभाजी महाराजांची समाधी, तुळापूरचा संगम हे सगळं शाळेच्या सहलीपासून ओळखीचं. तिथे फुलं असतात, गर्दी असते, घोषणा असतात. इथे काशिनेत दुसरे छत्रपती, दुसरा संगम आणि बाकावर पेपर वाचणारे एक इटालियन आजोबा.

मी तिथे तासभर बसले. महाराज गेले तेव्हा ऐन विशीत होते, म्हणजे आपल्या ऑफिसात नव्यानं लागलेल्या ट्रेनीच्या वयाचे. प्रवासात जे पाहिलं ते डायरीत लिहीत होते. सोबतचे ब्रिटिश अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी ती डायरी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापून आणली. लिहिणारा मात्र घरी परतला नाही. आपल्याला परतीचं तिकीट कन्फर्म असतं, सोमवारी ऑफिस आहे म्हणून आपण कुरकुरतो! यादीतली उरलेली दहा ठिकाणं मग तितकीशी अर्जंट वाटेनात.

पहिल्या दिवसाची शिदोरी

* उफिझी आणि अकादेमिया, दोन्ही म्युझियम्स सोमवारी बंद. रविवारी पोहोचत असाल तर बुकिंग मंगळवारपासूनचं करा.
* ऑक्टोबर २०२५ पासून शेन्गेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली. पुढच्या ट्रेनआधी भरपूर वेळ हाताशी ठेवा.
* ट्राममध्ये चढल्याबरोबर कागदी तिकीट मशीनमध्ये पंच करा. नुसतं खिशात असून भागत नाही.
* कॉफी उभ्यानं स्वस्त, टेबलावर महाग. जेवणाच्या बिलातला ‘कोपेर्तो’ म्हणजे माणशी बसण्याचे पैसे. वेटरशी भांडू नका!
* मंगळवारी सकाळी काशिनेत आठवडे बाजार भरतो. पिशवी न्या.
* दुपारी झोपू नका. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो. पण बागेतून अंधाराआधी परत फिरा, रात्री तिथे एकटं रेंगाळायला नको.